आधी नाव, मग पाणी

रांजण धुवायला काढले की मला उन्हाळा लागतो. कॅलेंडर काही का म्हणेना. मंडळाच्या जिन्याखालची खोली उघडायची, पाचही रांजण एकेक करून दारात आणायचे, नारळाच्या शेंडीनं आतून घासायचे आणि कडुलिंबाखाली वाळू पसरून तिच्यावर बसवायचे. मग पहिली घागर ओतायची. वर्षभर कोरडी राहिलेली माती पाणी पिताना फार बारीक आवाज करते, कान लावला तरच ऐकू येतो. त्यानंतर वास येतो. त्या वासानं मंडळातल्या जुन्या माणसांना आपापली गावं आठवतात. कुणाला उदगीर, कुणाला भालकी. मला एक हातगाडी ओढणारा बंडीवाला आठवतो.

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत, मराठी मंडळाच्या दारात, दर उन्हाळ्यात ही पाणपोई लागते. शेजारचे तेलुगू लोक तिला चलिवेंद्रम म्हणतात. मी बाकावर बसतो, येणाऱ्याला बसायला सांगतो, त्याचं नाव विचारतो आणि मग पेला भरून देतो. गेली कित्येक वर्षं हा माझा उन्हाळ्यातल्या रविवारचा उद्योग आहे. मागच्या रविवारी सानिका नावाची एक मुलगी अर्धा तास हे बघत उभी होती. पुण्याची आहे, हायटेक सिटीकडे नोकरी करते, मंडळात नवीनच यायला लागली आहे. गर्दी ओसरल्यावर ती जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काका, पाणी देताना तुम्ही नाव का विचारता? मला ते बघवलं नाही."

माझ्या हातातला पेला हातातच राहिला. हेच, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी एकदा एका बाईला म्हणालो होतो. फरक एवढाच की मी खालच्या आवाजात म्हणालो नव्हतो. सानिकाला मी सांगितलं, पुढच्या रविवारी ये, सांगेन. ती "ओके" म्हणून गेली. तिला काय सांगायचं ते जुळवताना आठवडा गेला. त्यातलं जे जुळलं ते इथं लिहितो आहे.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं आणि शहर दर महिन्याला काहीतरी नवीन अंगावर घालत होतं. गच्च्यांवर केबलच्या तारांची जाळी झाली होती. दिलसुखनगरला एकेका इमारतीवर चार-चार क्लासच्या पाट्या चढल्या होत्या. थंड पेयांच्या फलकांवर बर्फाचे एवढे मोठे खडे रंगवलेले असत की सिग्नलला थांबल्यावर नुसतं बघूनच दात शिवशिवत. बँकेत काम नसलेली माणसंही दुपारी बँकेच्या दाराशी रेंगाळत, कारण दार उघडलं की आतल्या एसीची एक झुळूक बाहेर येई.

घराघरांतला उन्हाळा मात्र जुनाच होता. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, सिमेंट चरचरायचं. खिडक्यांना ओली पोती. लोखंडी पत्र्याचा कूलर, त्यातल्या वाळ्याचा पहिल्या आठवड्यातला सुगंध आणि महिन्यानंतरचा कुबट वास. दुपारी गल्लीत ताडगोळेवाली येई, तिला सगळे मुंजलवाली म्हणत. आई माझ्या खिशात कांदा कोंबायची. मी कोपऱ्यावर गेलो की तो काढून फेकायचो, कारण माझ्या खिशाला कंपनीचं पेन असे.

कंपनी थंड पाण्याची यंत्रं विकत असे. स्टीलची उभी पेटी, पुढं दोन तोट्या. परदेशी कंपनीशी नुकताच करार झाला होता आणि आम्हा विक्रेत्यांना टाय बांधायला लावत. बेचाळीस अंशांत टाय. तरी मला तो आवडायचा, हेही सांगून टाकतो.

पाणपोई तेव्हा सुभद्राकाकू सांभाळत. उदगीरकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा निजामाच्या काळापासून हैदराबादेत असलेल्या एका धान्य दुकानात कामाला होता, तो गेल्यावर मंडळाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. साठी ओलांडलेली, काटक, कपाळावर गोंदण. कंबरेला जिन्याखालच्या खोलीची किल्ली. सकाळी दहापासून उन्हं कलेपर्यंत त्या रांजणांमागच्या स्टुलावर असत आणि त्यांचा एक नियम होता. आलेल्या माणसानं आधी समोरच्या बाकावर बसायचं. मग नाव सांगायचं. मग पाणी.

"पैले बैठो की भई. नाम क्या है?" हे दखनीतून. तेलुगू माणूस दिसला तर, "कूर्चो, पेरु चेप्पु." बस, नाव सांग. मराठी असेल तर, "टेक की बाबा. नाव काय तुझं?" रोज येणाऱ्यालासुद्धा रोज विचारत. लोक हसत, चिडत. एक रिक्षावाला म्हणायचा, "अम्मा, कल भी बताया था ना, रातमें बदल गया क्या?" त्यावर काकू म्हणायच्या, "हौ, तेरी सूरत तो बदल गई. बोल, नाम बोल." त्यानं नाव सांगितलं की पेला भरला जाई.

एकदा मी स्वतः पाहिलं. एका माणसानं नाव सांगितलं नाही, नुसताच बघत राहिला, आणि त्यानं स्वतःच उचलून ओठाशी नेलेला पेला काकूंनी काढून घेतला. मी मोटारसायकलवरून चाललो होतो. पुढं काय झालं ते बघायला थांबलो नाही. जेवढं पाहिलं तेवढ्यानंच माझं डोकं फिरलं. नाव नाही सांगितलं, तर पाणी नाही. आपल्याकडे नावावरून काय कळतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. काकू कुठल्या गावच्या, कुठल्या काळातल्या, हे सगळं मी मनात झटकन जोडून टाकलं.

मला जातिभेदाची चीड होती, ती खरी होती. ते यंत्र मला मंडळाच्या दारात बसवायचं होतं, तेही खरं होतं. साहेबांनी सांगितलं होतं की वर्दळीच्या ठिकाणी एक यंत्र कंपनीतर्फे भेट द्या, लोक बघतील. ह्या दोन गोष्टींत पहिली कुठली होती हे मी स्वतःला आजवर बऱ्याचदा विचारलं आहे.

मंडळाची बैठक होती. चाळीसेक माणसं. मी उभा राहिलो आणि बोललो. म्हणालो की विसावं शतक संपत आलं, आणि आपल्या दारात तहानलेल्या माणसाला पाण्याआधी नाव विचारतात. नाव कशासाठी विचारतात ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तोटीला कुणाचं नाव लागत नाही. फार सुरेख बोललो. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

काकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्या उठून पुढं आल्या, कंबरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुलूप गंजलंय विनू. तेल घाल." आणि गेल्या.

ह्या बैठकीतली एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. काकूंच्या पाणपोईवर स्टीलचे पेले होते, सहा. तेच सहा पेले सगळ्यांना. झाडूवालीनं प्यायलेला पेला विसळून मंडळाच्या अध्यक्षांना. वरून ओंजळीत धार धरणं त्यांनी कधी केलंच नाही. जात बघणारी बाई असं करील का, हा प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर रोज सहा वेळा चमकत होता. तो मला दिसला नाही.

यंत्र बसलं. नारळ फुटला, साहेब आले, फोटो निघाला. यंत्राला लोखंडी पिंजरा करायचा होता म्हणून कडुलिंबाखालचा बाक काढला. रांजण जिन्याखाली गेले. पेले साखळीला बांधले. लोक येत, उभ्याउभ्या घटाघटा पीत, दात आंबल्यासारखं तोंड करून हसत आणि पुढं जात. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मला वाटायचं, हेच तर पाहिजे होतं.

मे सरत आला. रोहिणी लागली. आदल्या संध्याकाळी धुळीचं वादळ येऊन चार थेंब पडले होते, पाऊस म्हणण्यासारखा नव्हे, पण जमिनीतली सगळी वाफ त्यानं वर काढली. एरवी हैदराबादचं ऊन कोरडं असतं, सावलीत गेलं की सुटका होते. त्या दिवशी सावलीतही सुटका नव्हती. कूलर फिरत होते आणि घरात आणखी चिकचिक करत होते. असल्या उकाड्याला तेलुगूत उक्कपोत म्हणतात. तो शब्द उच्चारतानाच तोंडाला झाकण बसल्यासारखं होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला मी एका गिऱ्हाइकाला यंत्र दाखवायला घेऊन आलो होतो. दिलसुखनगरच्या एका क्लासचे मालक. तेवढ्यात एक बंडीवाला आला. त्याच्या हातगाडीवर तीन नवे कोरे कूलर दोरीनं बांधलेले होते. चाळिशीचा, उंच, डाव्या कानात बाळी. बंडी त्यानं रस्त्याच्या मधेच सोडली. पेला भरला, प्यायला. दुसरा भरला, त्यातलं निम्मं छातीवर सांडलं. तिसरा प्यायला. मग आमच्याकडे बघून हसला आणि काहीतरी बोलला. शब्द तेलुगूसारखे वाटले, पण लागले नाहीत. मालक म्हणाले, "खूश हो गया." मी म्हणालो, बघा, कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला चांगलं आठवतं, मी हे वाक्य म्हणालो.

त्यानं पेला खाली ठेवला तो ठेवायच्या जागी नाही, हवेत. साखळीमुळे तो लोंबकळत राहिला. मग त्यानं बंडी वळवली आणि ज्या बाजूनं आला होता त्याच बाजूला, चढावर, ओढायला लागला. हे मी पाहिलं. मनात आलंही, काहीतरी विसरला असेल. आणि मी मालकांना तोट्यांबद्दल सांगू लागलो.

पिठाच्या गिरणीपाशी तो पडला. आधी बंडी कलंडल्याचा आवाज आला, पत्र्याचा. मी पळत गेलो तेव्हा तो कुशीवर होता, तोंडातून पाणी येत होतं. आमचं पाणी. अंगाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. तव्याला लागावा तसा. गिरणीवाल्यानं आणि मी त्याला ऑटोत घातला आणि सरकारी दवाखान्यात नेला. वाटेत मी त्याला हाका मारायचा प्रयत्न केला, पण काय म्हणून हाक मारायची? "ओ भय्या, ओ भय्या" करत राहिलो. हाक मारायला लागते ती साधी गोष्ट माझ्यापाशी नव्हती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. त्याला आत घेऊन तिनं अंगावर ओल्या चादरी टाकायला लावल्या, पंखा ओढला, आणि रजिस्टर पुढं घेऊन मला विचारलं, नाव?

मी म्हणालो, माहीत नाही.

तिनं लिहिलं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस. मग विचारलं की काय झालं. मी सांगितलं, पाणी प्यायला, तीन पेले, हसला, मग पडला. तिनं मान वर केली. "पानी पिया तब होश में था? नाम-वाम बता रहा था?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. तिला वाटलं मला हिंदी येत नाही. तिनं पुन्हा सावकाश सांगितलं. ऊन डोक्यात गेलं की माणूस चालतो, हसतो, पण भान सुटलेलं असतं. घाम असतो कधी, नसतो कधी, त्यावर जाऊ नये. बोलतो का बघायचं. नाव सांगता आलं नाही तर बसवायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, लगेच दवाखान्यात आणायचं. तोंडानं पाणी द्यायचं नाही, श्वासात जातं. "बस, पैले नाम पूछना था."

दवाखान्याच्या त्या ओसरीवर खूप आवाज होता, माणसं होती. मला ते सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. डोळ्यांसमोर काकूंनी काढून घेतलेला तो पेला आला. त्या माणसाचं पुढं काय झालं असेल ते आता मला न बघताच दिसत होतं. रांजणातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं गेलं असणार. ओलं पोतं पाठीवर टाकलं असणार. मी तेव्हा पुढच्या वळणावर होतो, रागानं ॲक्सिलरेटर पिळत.

तिथून मी थेट काकूंच्या खोलीत गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी दारातूनच सांगितलं, एक बंडीवाला पडलाय, उंच आहे, कानात बाळी आहे. पुढचं बोलायच्या आधीच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"डाव्या कानात? पोचय्या. मुशीराबादला राहतो, मशिदीमागं. बायको एल्लम्मा, लेक बिड्या वळते." त्या चपला शोधत होत्या. "नाव सांगता येतंय का त्याला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्या मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. मला वाटतं, बोलल्या असत्या तर मी हे इतकी वर्षं वाहिलं नसतं. ऑटो मुशीराबादकडे वळवायला लावला, एल्लम्माला घेतलं, आणि आम्ही परत दवाखान्यात आलो. रजिस्टरात अनोळखी खोडून पोचय्या लिहिलं गेलं. काकू त्याच्या खाटेपाशी वाकल्या आणि रोजच्याच आवाजात, पाणपोईवरच्या, म्हणाल्या, "पेरु चेप्पय्या."

त्याचे ओठ हलले. मी पाहिलं. त्यातून काही बाहेर आलं नाही. काकू वाट बघत राहिल्या. मग एल्लम्मानंच त्याच्या कानाशी त्याचं नाव घेतलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तिला घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मला कुणी दोष दिला नाही. उन्हात माणसं मरतात, हे शहराला माहीत होतं. मंडळानं एल्लम्माकडे धान्य पाठवलं. कंपनीत मला शाबासकी मिळाली, क्लासच्या मालकांनी दोन यंत्रं घेतली होती. मी ती शाबासकी घेतली, टाय सरळ करून. पुढच्या बैठकीत उभं राहून मी चुकलो असं म्हणायला हवं होतं. मी उभा राहिलो, आणि पंख्याच्या दुरुस्तीबद्दल बोलून खाली बसलो.

चार-सहा दिवसांनी एवढंच केलं की काकूंच्या दारात जाऊन विचारलं, बैठकीत तुम्ही बोलला का नाहीत? त्यांच्या आईच्या हाताखाली शिकलेली गोष्ट होती, रोहिणीत भुईमूग काढणाऱ्या बायांना ती बांधावर बसवून नाव विचारायची, मग घागर वाकवायची. हे मला त्यांनी तेव्हा सांगितलं. मी म्हणालो, हेच चाळीस माणसांपुढं सांगितलं असतं तर मी काय, कुणीही गप्प बसलं असतं.

काकूंनी मला उंबऱ्यावर बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तू विचारलंस कुठं बाबा. तू सांगितलंस."

पुढच्या उन्हाळ्यात मी बाक परत बसवला. जिन्याखालच्या कुलपाला तेल घातलं. काकू आल्या, किल्ली मात्र घेतली नाही, माझ्याकडेच राहू दिली. यंत्र कोपऱ्यात होतं, त्याचं पाणी आम्ही रांजणात भरायचो. त्या स्टुलावर, मी शेजारी. दोन उन्हाळे त्यांनी मला बघायला शिकवलं. नाव सांगताना माणूस अडखळतो का. बापाचं नाव सांगून मोकळा होतो का. प्रश्न ऐकून उगाच हसतो का. हसणारा दिसला की मी अजून पेला बाजूला ठेवून पुन्हा नाव विचारतो. त्या गेल्यालाही आता खूप वर्षं झाली.

आता चिक्कडपल्लीत घरोघर एसी आहेत. त्यांची गरम हवा गल्लीत येते आणि गल्लीतून अजून माणसंच चालतात, पाठीवर जेवणाचे डबे घेऊन, पार्सलं घेऊन, फोनमधला बाण बघत. ती घाईत असतात. बसा म्हटलं की वैतागतात. नाव विचारलं की काहींच्या चेहऱ्यावर जुनी सावली येते, मला ती ओळखता येते, आणि ती येऊ नये असं मी त्यांना सांगू शकत नाही. त्यांच्याकडे कारणं आहेत. मी पेला पुढं करेपर्यंत ती सावली मला सोसावी लागते. ते बरोबरच आहे असं मला वाटतं.

आज रविवार. सानिका साडेबाराला आली, चालत, डोक्यावर काही न घेता. गाल लाल झाले होते. मी बाकाकडे हात केला. ती बसली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सानिका. आता सांगा, का विचारता?"

तिनं विचारलं होतं. मागच्या रविवारीही तिनं विचारलंच होतं, हे मला आठवडाभरानं, त्या क्षणी लक्षात आलं. माझ्या वयाच्या अर्ध्या मुलीला ते जमलं होतं.

मी पेला भरला आणि तिच्या हातात दिला. ती प्यायली. कडुलिंबाची दोन पानं रांजणाच्या झाकणावर पडली, ती मी उचलली. जुळवून ठेवलेलं सगळं ऐनवेळी विसरलो होतो. राहिलं ते एकच, तेवढं म्हणालो.

"पोचय्या नावाचा एक माणूस होता."